‘न्हाई’ म्हणायची तालीम

नगरच्या नागापूर एमआयडीसीत नव्याने कामाला लागलेल्या पोरीला कुणी ना कुणी पहिल्या आठवड्यातच सांगतं, की एकदा गोजरबाईकडे जाऊन ये. कशाला ते मात्र नीट सांगत नाहीत. पोरीला वाटतं, खोली मिळवून देणारी बाई असेल, नाहीतर डबा देणारी. जाऊन बघते तर पत्र्याच्या पडवीत सतरंजी अंथरलेली, तिच्यावर चार-पाच पोरी बसलेल्या आणि मधोमध एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई नवऱ्याचा मफलर टायसारखा गळ्यात बांधून, कमरेवर हात ठेवून डाफरत असते.

‘‘काय गं, आज डबल शिफ्ट करायची हाय. व्हय का न्हाई?’’

‘‘व्हय,’’ नवी पोर घाबरून म्हणते.

‘‘बस खाली,’’ गोजरबाई म्हणते. ‘‘तुला येळ लागंल.’’

गोजरबाई लवांडे हिने तीसेक वर्षं विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीत तारा गुंडाळल्या. निवृत्त झाली तेव्हा हाताला काम नव्हतं आणि तोंडाला तर पहिल्यापासूनच विश्रांती नव्हती. मुलगा-सून पुण्याला, घरात ती आणि नवरा भीमराव. त्याच सुमारास शहरातल्या एका संस्थेच्या पंकजाताईंनी बाहेरगावाहून एकट्या आलेल्या पोरींना सोबत द्यावी म्हणून जुन्या कामगार बायका गोळा केल्या. मानधन नाही, चहासुद्धा जिने तिने आपापल्या घरचा पाजायचा. कुणी म्हणाली, मी बँकेचं शिकवीन. कुणी म्हणाली, मी शिवणकाम. गोजरबाईची पाळी आली तेव्हा ती थोडा विचार करून म्हणाली, ‘‘मी न्हाई म्हनायला शिकवीन. मला कुनी शिकिवलं न्हाई, त्यापायी लई नडलं.’’ पंकजाताई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही सोमवारपासूनच सुरू करा.’’

आता यात शिकवण्यासारखं काय आहे, असं ज्याला वाटेल त्याने आपल्या घरातल्या पोरी आठवून बघाव्यात. आपल्याकडे पोर नीट चालायला लागायच्या आधी तिला मान डोलवायला शिकवतात. शहाणी कोण, तर जिच्या तोंडून उलटा शब्द निघत नाही ती. तीच शहाणी मान घेऊन पोर एसटीत बसते, नागापूरला उतरते, आणि मग सुपरवायझरपासून खोलीच्या मालकिणीपर्यंत ज्याला त्याला ती मान सापडते. भीड भिकेची बहीण, असं म्हातारी माणसं उगाच म्हणत नव्हती. फक्त ती म्हण पोरींना ऐकवायची त्यांच्या लक्षात राहिली नाही.

गोजरबाईच्या पडवीचे कायदे कडक होते. तिथे ‘बघू’ या शब्दाला बंदी होती. ‘घरी इचारून सांगते’ यालाही बंदी. ‘‘बघू म्हंजी काय गं? समोरच्यानं दार ढकाललं आन तू कडी न लावता नुसती मागं उभी राह्यलीस,’’ असं ती म्हणे. कारण द्यायचं नाही, हा दुसरा कायदा. ‘‘डोकं दुखतंय म्हनलीस का तो गोळी आनून दील. मंग घे गोळी आन कर डबल शिफ्ट.’’ पण पोरींना सगळ्यात जड जाई ते पुढचं. न्हाई म्हटल्यावर तोंड मिटायचं. मग जी शांतता पडते ती आपली नाही, समोरच्याची असते. ती आपण भरायला जायचं नाही.

सुरुवातीला साहेबाच्या भूमिकेला तिने भीमरावांना उभं केलं होतं. माणूस उंचापुरा, मिशा भारदस्त. पण पहिलीच पोर ‘न्हाई’ म्हणताना अडखळली तेव्हा साहेब म्हणाले, ‘‘जमत नसंल तर ऱ्हाऊ दे बाळा, मी करतो.’’ त्यांना तिथल्या तिथे चहाच्या खात्यात बदली मिळाली आणि त्या खात्यात त्यांनी नाव काढलं. साहेबाची जागा मग एंजेलाकडे गेली. एंजेला नागापूरचीच, भिंगारदिव्यांची पोर, रविवारी चर्चमध्ये गाणारी आणि बाकी सहा दिवस नन्नाचा पाढा म्हणणारी. तिला खरं तर ‘व्हय’ म्हणायचं शिक्षण हवं होतं. पण साहेब म्हणून ती इतकी हुबेहूब खेकसायची, की खरे साहेब तिच्यापुढे मऊ वाटायचे.

या पडवीत दोन वर्षांमागे मिरजगावची निकिता आली. शेतकऱ्याघरची पोर, बारावी झालेली, उंच आणि जरा पोक काढून चालणारी, जणू आपल्या उंचीचाही कुणाला त्रास होऊ नये. होयबा म्हणजे किती असावी? खोलीतल्या तिघींचं पाणी हीच भरी. ओळखीपाळखीच्या बायकांच्या शिफ्ट अंगावर घेई. एका सुट्टीच्या दिवशी तीन लग्नांना जाऊन आली, कारण तिघींनी ‘सोबत चल’ म्हटलं होतं, आणि तिन्हीकडे आग्रहाला बळी पडून जेवली. दुसऱ्या दिवशी कामावर जायची सोय राहिली नाही.

गोजरबाईने तिच्यावर जेवढी मेहनत घेतली तेवढी स्वतःच्या मुलावरही घेतली नसेल. पोर ‘न्हाई’ म्हणे ते इतकं हळू, की गोजरबाई विचारी, ‘‘कुनाला सांगतीस, चपलंला?’’ महिने गेले. मग एका दुपारी निकिता कंपनीतून थेट पडवीत आली, धापा टाकत, आणि म्हणाली, ‘‘मावशी, म्हनले.’’ कुणाला, काय, हे विचारायची गरजच पडली नाही. भीमरावांनी त्या दिवशी चहात आलं आणि गवती चहा दोन्ही घातलं.

त्यानंतर पोरीचा पोक हळूहळू गेला. कामात ती मुळातच चोख होती, आता बोलायलाही लागली. कंपनी दोन मुलींना पुण्याला दोन वर्षं डिप्लोमा करायला पाठवणार होती, त्यात पहिलं नाव तिचं लागलं. जूनपासून जायचं होतं. निकिता ते सांगताना हसत होती आणि गोजरबाईही हसली, पण मनात तिने जूनपर्यंतच्या सुट्ट्या मोजल्या. सुट्टीच्या दिवशी ही पोर येऊन शेंगोळे वळायला बसायची, गोजरबाईच्या केसांना तेल लावायची, भीमरावांचे चष्मे शोधून द्यायची. जून जवळ यायला लागला तसं गोजरबाईला घर आत्तापासूनच मोठं वाटायला लागलं. माया होती ती, खरी होती. पण माया जुनी झाली की तिला हक्काचे कोंब फुटतात.

नेमकं तेव्हाच तिसगावहून आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे बायडाबाई, गोजरबाईची थोरली बहीण. तिचा धाकटा अजिनाथ एकतिशीला आला होता. डाळिंबाची बाग, ट्रॅक्टर, सुपारीचंही व्यसन नाही, आणि तरी लग्न काही जमत नव्हतं. शेतकरी नवरा म्हटलं की पोरींचे बाप विषय बदलत.

‘‘तुज्याकडं एवढ्या पोरी येत्यात,’’ आक्का म्हणाली. ‘‘त्यातली एखांदी आपल्या अजिनाथला बघ की. तू नेहमी ती मिरजगावची सांगतीस.’’

आणि जिच्या पडवीत त्या शब्दाला बंदी होती, ती गोजरबाई म्हणाली, ‘‘बघू.’’

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण नुसतं तेवढंच म्हणून गोजरबाईला सोडता येत नाही. तिच्या मनातही चित्र उभं राहिलं होतंच. निकिता आपल्या बहिणीची सून. सणावाराला येणं-जाणं. पुण्याला गेलेलं पोर परकं होतं, हे तिने स्वतःच्या मुलावरून बघितलं होतं. तिसगाव काय, हाकेच्या अंतरावर.

आठच दिवसांनी आक्का अजिनाथला घेऊन नगरला आली. ट्रॅक्टरचा कसलासा भाग घ्यायचा होता, असं सांगत आली. सुट्टीचा दिवस, निकिता आणि एंजेला घरातच होत्या. मोठं माणूस आलं म्हणून निकिताने आपणहून डोक्यावर ओढणी घेतली, पोहे केले, चहा बाहेर नेला. ती नेहमीच न्यायची. आक्काने नाव विचारलं, आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं. निकिताने सगळ्याची उत्तरं दिली, कारण म्हाताऱ्या बायका हेच विचारतात. मग आक्काने कपाळाला कुंकू लावलं, ओढणीत नारळ आणि खण घातला. निकिता पाया पडली. घरी आलेली थोरली बाई पोरीची ओटी भरते, यात वावगं ते काय, असंच तिला वाटलं. अजिनाथ तेवढा वेळ मोबाईलमध्ये बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

ते गेल्यावर एंजेला म्हणाली, ‘‘मावशी, ह्या बघायला आल्या हुत्या का?’’

‘‘गप ए,’’ गोजरबाई म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल.

पुढचं सगळं आक्काच्या वेगाने झालं. मिरजगावात कुणाच्या तरी ओळखीने निकिताच्या वडिलांपर्यंत निरोप गेला. त्यांना आनंदच झाला. चांगलं घर, बागायत, आणि पोर नागापूरला जिला आईसारखी मानते तिचाच भाचा. येत्या रविवारी सुपारी फोडायचं ठरलं. वडिलांनी पोरीला फोन करून सांगितलं, ‘‘तुज्या मावशीनंच जमिवलंय म्हनल्यावर आमी अजून काय बघायचं? पुन्याचं शिक्षन आता ऱ्हाऊ दे.’’

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर निकिता पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. मागे एंजेला होती. गोजरबाई गहू निवडत होती. ‘‘ये की, बस,’’ ती म्हणाली. निकिता बसली नाही.

‘‘मावशी, मला हे लगीन करायचं न्हाई.’’

एवढंच म्हणून तिने तोंड मिटलं. आवाज मोठा नव्हता, पण हलला नाही. शांतता पडली. ती कुणाची होती हे तिघींनाही माहीत होतं, आणि तरी गोजरबाईच ती भरायला धावली. अजिनाथ किती गुणाचा आहे ते सांगितलं. आक्का सुनेला लेकीसारखं ठेवील म्हणाली. पुण्यात खोल्यांची भाडी काय आहेत, तिथल्या पोरींचं काय होतं, तेही झालं. शेवटी तिची कारणं संपत आली आणि जे खरं होतं ते बाहेर पडलं. ‘‘तू माज्याजवळ ऱ्हाशील गं.’’

निकिताचे डोळे भरले. पण तिने उत्तर दिलं नाही आणि मानही खाली घातली नाही. स्वयंपाकघरात भीमरावांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

गोजरबाईला आधी राग आला. एवढं केलं, आणि ही माझ्याच दारात उभी राहून मलाच? मग पोरीचं ते ताठ उभं राहणं तिच्या नजरेला पडलं. खांदे मागे, हात मोकळे, नजर समोर. हे सगळं कुणी शिकवलं होतं? तिला एकदम इतका अभिमान वाटला की रागाला बसायला जागाच उरली नाही, आणि तरी दुखायचं ते दुखतच राहिलं.

‘‘बस आता,’’ ती म्हणाली. ‘‘पास झालीस.’’

मग निकिता बसली आणि रडली. रडता रडता तिने सांगितलं, की वडिलांना कालच सांगून झालंय. ते म्हणाले, बोलणं तिसगावकडून आलं, शब्द त्यांचा आहे, त्यांनी माघारी घेतला तर आमची ना नाही. पण आम्ही होऊन तिसगावच्या बाईंना तोंडघशी पाडणार नाही.

म्हणजे गाडी येऊन थांबली ती गोजरबाईच्याच दारात. पुढे जूनमध्ये निकिता पुण्याला जाते की तिसगावला नांदायला, हे आता एका फोनवर होतं, आणि तो करायचा होता तिने.

‘‘आक्काला मी न्हाई म्हनू?’’ गोजरबाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. ‘‘जल्मात म्हनले न्हाई.’’

ते अक्षरशः खरं होतं. गोजर तीन वर्षांची असताना आई गेली. बायडा तेव्हा दहा-अकराची. तिने शाळा सोडली आणि धाकटीला कडेवर घेतली. खुरपायला गेली तरी कडेवर, पाण्याला गेली तरी कडेवर. गोजर शाळेत गेली ती बायडाने हट्ट धरला म्हणून. आक्का म्हणेल तो लुगड्याचा रंग, आक्का म्हणेल ते गाव. नवराही आक्कानेच पसंत केला होता.

‘‘त्यात काय वाईट झालं?’’ भीमराव आतून म्हणाले.

‘‘तुमी चहा करा,’’ गोजरबाई म्हणाली.

तेव्हा एंजेलाने गळ्यातली ओढणी काढून निकिताच्या डोक्यावर टाकली. ‘‘तू आक्का हो,’’ ती म्हणाली. ‘‘मावशी, तुमी बसा समोर. तालमीबिगर फोन लावायचा न्हाई, तुमचाच कायदा हाय.’’

निकिताने डोळे पुसले, ओढणी कपाळापर्यंत ओढली, हनुवटी जरा पुढे काढली आणि गोजरबाई दचकली, कारण पुढ्यात आक्काच बसली होती. ‘‘काय गं गोजर? रयवारी यायचं ध्यानात हाय ना?’’

‘‘आक्का,’’ गोजरबाई म्हणाली, ‘‘त्याचं काय हाय, पोरगी लहान हाय अजून...’’

‘‘कारन दिलं,’’ एंजेला म्हणाली. ‘‘परत.’’

‘‘आक्का, थोडं पुढं ढकलू. बघू...’’

‘‘मावशी.’’

तिसऱ्या खेपेला ‘आक्का’ म्हणून गोजरबाई सतरंजीची दशी ओढत बसली. निकिताने तिचा हात धरायला हात पुढे केला, पण एंजेलाने तो मागे ओढला. आक्का काय हात धरणार होती? तीस वर्षं तारा गुंडाळलेली, सुपरवायझरांच्या नकला करणारी बाई दोन कोवळ्या पोरींपुढे परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. चहा आला, तो कुणी घेतला नाही. किती वेळा झालं कोण जाणे. पण एकदा तिने मान वर केली आणि सरळ म्हणाली, ‘‘आक्का, हे लगीन व्हनार न्हाई.’’ आणि तोंड मिटलं.

एंजेला म्हणाली, ‘‘लावा फोन.’’

आक्काने लगेच उचलला. मागे शेळ्या ओरडत होत्या.

‘‘आक्का, निकिताचं आन अजिनाथचं लगीन व्हनार न्हाई. मी पोरीला न इचारता तुला बघू म्हनले. ते माजं चुकलं. तुजा शब्द माघारी घे.’’

तिकडे नुसत्या शेळ्या. गोजरबाईच्या ओठावर दहा वाक्यं येऊन उभी राहिली. बाग, वय, पुणं, डिप्लोमा. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि एकही बाहेर पडू दिलं नाही.

बऱ्याच वेळाने आक्का म्हणाली, ‘‘कडंवर घिऊन हिंडले मी तुला, गोजर.’’

‘‘व्हय,’’ गोजरबाई म्हणाली. ते खरंच होतं, त्याला दुसरं उत्तर नव्हतं.

फोन कट झाला.

निकिता म्हणाली, ‘‘मावशी, माज्यापायी...’’ आणि गोजरबाईने हाताने तिला थांबवलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, पण भूक कुठे गेली होती कुणास ठाऊक. जिने आपल्याला वाढवलं ती आता बोलणार नाही, हे तिने मनात मांडून बघितलं आणि ते तिला सहन होईना. निकिताकडे बघितलं तर फोन केला नसता तर बरं झालं असतं, असंही म्हणता येईना. ऊन पत्र्यावरून उतरलं. भीमरावांनी न सांगता भाकरी थापायला घेतल्या होत्या, त्यांचा थपथप आवाज तेवढा येत होता.

फोन वाजला तेव्हा तो एंजेलाने उचलून गोजरबाईच्या हातात दिला.

‘‘मिरजगावला मी कळिवते,’’ आक्का म्हणाली. आवाज कोरडा, नाक चोंदलेलं. ‘‘तू मधी पडू नकू. आन अजिनाथला सांगितलं म्या. तो म्हनला, पोरीला नको तर मलाबी नको.’’ मग तिने विचारलं, ‘‘जेवलीस का?’’

‘‘न्हाई,’’ गोजरबाई म्हणाली. हे ‘न्हाई’ कसलीही तालीम न करता निघालं, आणि त्याच्यामागून एवढा वेळ धरून ठेवलेलं रडूही निघालं.

‘‘मंग जेव आधी,’’ आक्का म्हणाली. ‘‘मला लई बोलायचंय तुला. उपाशीपोटी ऐकवायचं न्हाई. जेवन झालं का फोन लाव.’’

भीमरावांनी चार ताटं बाहेर आणून ठेवली. वाकड्यातिकड्या भाकरी, पिठलं आणि कांदा. निकिताने ताटाशी बसताना ओढणी डोक्यावरून काढून एंजेलाला परत दिली. गोजरबाईने डोळे पुसले, भाकरी मोडली आणि फोन ताटाशेजारी, डाव्या हाताला येईल असा ठेवला.